दानाची गाय, तिचे दात आणि ट्रॉम्बोन

दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. मदतनिधीच्या कार्यक्रमाबद्दल बरंवाईट लिहू नये, ही समजूत त्याच म्हणीतून आली असावी. मला ती पटत नाही. म्हण गाय घेणाऱ्याला उद्देशून आहे, आणि मी तर तिकीट काढून आलेला, म्हणजे गाय देणाऱ्यांपैकी एक!

झालं असं, की २०२४ च्या वसंतात तोक्योच्या कोएंजी भागातल्या एका तळघरातल्या ‘लाइव्ह हाउस’मध्ये नोतो भूकंपग्रस्तांसाठी स्का आणि रेगे वाजवणाऱ्या स्थानिक बँडची एक संध्याकाळ होती. ह्या भूकंपाने १ जानेवारी २०२४ ला, ऐन नववर्षाच्या दिवशी, नोतो द्वीपकल्प हादरवला होता. ऑफिसातला एक सहकारी एका बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, त्याच्या आग्रहाने गेलो. शंभरएक माणसांत मी एकटाच न नाचणारा. (आमच्या पिढीला गणपतीच्या मिरवणुकीबाहेर नाचायची लाज वाटते.)

स्का ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ‘एक-आणि-दोन-आणि’ असं मोजा. आपण टाळी ‘एक’वर देतो. इथे गिटार ‘एक’वर गप्प असते आणि ‘आणि’वर कट्कन वाजते. १९६० च्या सुमाराला जमैकात हे सुरू झालं, पुढे लय संथ होत होत त्याचंच रेगे झालं. पाय आपोआप उचलला जातो तो त्या रिकाम्या जागेमुळे. पण ती जागा सगळ्यांनी मिळून रिकामी ठेवावी लागते. एकजण जरी घाईने आत घुसला तरी सगळा डोलारा कोसळतो.

दुसऱ्या बँडचा तो कोसळला. ट्रम्पेट बेसूर, ड्रम पुढे पळतोय, आणि गायक हसत हसत सांगतोय, “आज चॅरिटी आहे, सांभाळून घ्या.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं तिथे फिरलं. जी तालीम कमाईच्या कार्यक्रमाला केली असती ती पुण्याच्या कार्यक्रमाला का नाही? आपल्या मंडळांतूनही हे चालतं. निधीसाठी गाणं असलं की सूर माफ, तबला लागलेला नसला तरी माफ, आणि सूत्रसंचालकाची चाळीस मिनिटंही माफ.

ह्यावर माझं उत्तर १९२१ सालचं आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी, तर ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. खाडिलकरांचं ते नाटक प्रेमाचं, त्यात फंडाचा संबंध कुठून येणार? पण ‘निधीसाठी आहे, सांभाळून घ्या’ असं म्हणायची सोय दोघांपैकी कुणालाच नव्हती, कारण समोर दुसरा उभा होता. शंभर वर्षांनंतर आपण तो प्रयोग आठवतो तो गाण्यासाठी. फंडाचा हिशेब आज कुणाला ठाऊक आहे?

मग प्रश्न येतो, नुसतं चांगलं वाजवलं की झालं का? कोएंजीत संध्याकाळभर नोतोचं नाव दारावरच्या भित्तिपत्रकावर आणि देणगीच्या पेटीवर होतं, गाण्यात किंवा बोलण्यात एकदाही नाही. वाजिमाजवळच्या नाफुने गावची ‘गोजिंजो-दाइको’ ही मुखवटे घालून वाजवायची ढोलपरंपरा प्रसिद्ध आहे. तिचा एक तुकडा तरी कुणी उचलायला हवा होता.

स्काला हे नवं नाही. १९८१ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत सतनाम सिंग गिल ह्या विद्यार्थ्याला भर शहरात गोऱ्या ‘स्किनहेड’ तरुणांनी ठार मारलं. त्याच गावच्या ‘द स्पेशल्स’ ह्या काळ्या-गोऱ्यांच्या स्का बँडने २० जूनला वांशिक सलोख्यासाठी मैदानावर कार्यक्रम केला. त्याच दिवशी ‘नॅशनल फ्रंट’वाले शहरात जमणार होते, त्यामुळे भीतीने अपेक्षेपेक्षा बरेच कमी लोक आले. मुंडण केलेले, तशाच बुटांतले तरुण ह्या बँडच्या श्रोत्यांतही असत. म्हणजे प्रश्न आपल्याच श्रोत्यांना विचारायचा होता, आणि तो त्यांनी विचारला.

जपानी माणूस मंचावरून असं बोलणार नाही, हे मला मान्य आहे. पण न बोलताही करता येतं. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर ओसाकाच्या ‘सोल फ्लावर युनियन’ ह्या रॉक बँडने विजेची वाद्यं बाजूला ठेवली. सानशिन, क्लॅरिनेट, कोरियन चांगो आणि दुकानाची जाहिरात करणाऱ्या चिंदोनवाल्यांचा ढोल घेऊन ‘मोनोनोके समिट’ ह्या नावाने ते निवाऱ्यांतून वाजवत फिरले. जळालेल्या नागाता भागात कोरियन वस्ती मोठी, आणि निवाऱ्यांत म्हातारी माणसं पुष्कळ. म्हणून गाणी निवडली ती त्यांच्या तरुणपणातली, युद्धापूर्वीची, आणि कोरियन लोकगीतं. भूकंपावर भाषण नाही. ज्यांच्यासाठी वाजवायचं त्यांच्या ओठांवरचं गाणं घेतलं, एवढंच. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या गल्लीत आलेली मदतफेरी आठवली: चौघांनी चार कोपऱ्यांनी धरलेली चादर, पुढे पेटी-ढोलकी, आणि सगळ्यांना येणारा अभंग.

आता हिशेब. इथे छोट्या बँडना ‘नोरुमा’ असतो (शब्द रशियनमधून आलेला). ठरलेली तिकिटं खपली नाहीत तर फरक वादकांनी खिशातून भरायचा. त्या रात्री तो माफ होता, असं सहकाऱ्याने सांगितलं. जागेच्या मालकाला ह्याचं पूर्ण श्रेय. पण पेटीवर नुसतं ‘चॅरिटी’ लिहिलेलं. जपानीत दोन वेगळे शब्द आहेत. ‘गिएन्किन’ आपद्ग्रस्तांच्या हातात जातं, त्याला वाटपाच्या समितीमुळे वेळ लागतो. ‘शिएन्किन’ तिथे काम करणाऱ्या संस्थांना लगेच मिळतं. यातलं कुठलं, असं मी पेटीजवळच्या मुलीला विचारलं. ती लाजून म्हणाली, “अजून ठरायचंय.”

सहकाऱ्याच्या बँडने मात्र शेवटी जीव ओतून वाजवलं. एका संथ गाण्यात त्याने ट्रॉम्बोनवर एक लांब सूर असा धरला की नाचणारेही थांबले. मी त्याला हे सगळं दुसऱ्या दिवशी जेवताना बोलून दाखवलं. त्याने वहीत लिहून घेतलं. जपानी माणूस लिहून घेतो तेव्हा तो रागावला आहे की नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये नोतोत अतिवृष्टीने पूर आला, तेव्हा त्याच तळघरात तेच बँड पुन्हा जमले. पेटीवर ह्या वेळी ठळक अक्षरांत ‘शिएन्किन’ लिहिलं होतं, खाली संस्थेचं नाव. दुसऱ्या बँडचा ड्रम जागेवर होता. ट्रम्पेट बेसूरच.