भिंती न पूजणाऱ्यांची मंदिरे

गुहागरसारख्या गावी बसून बाप्टिस्ट पंथाच्या जुन्या मंदिरांवर टीकालेख लिहायचा, आणि तोही दिवाळी अंकात, हा उद्योग काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. गावात व्याडेश्वर आहे, दुर्गादेवी आहे. वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे दाभोळला समुद्राकाठी सतराव्या शतकातली देखणी मशीद आहे. जुने बाप्टिस्ट मंदिर मात्र मला आमच्या पंचक्रोशीत आढळलेले नाही. कोकणात 1823 साली बाणकोटला जे मिशनरी आले, आणि 1829 मध्ये हर्णैला राहून ज्या जॉन विल्सन साहेबांनी मराठीचे धडे गिरवले, ते स्कॉटलंडचे. त्यांचा पंथ निराळा. मग हा विषय कशासाठी? तर गेली काही वर्षे मी आमच्या तालुक्यातल्या देवळांचे जीर्णोद्धार पाहतो आहे, आणि प्रत्येक जीर्णोद्धारानंतर 'नक्की काय उरले?' हा प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. या प्रश्नाला सर्वांत अवघड परीक्षा कोणाची द्यावी लागली असेल, तर ती बाप्टिस्टांच्या मंदिरांना. म्हणून त्यांच्याकडे वळलो.

अवघड का, ते आधी सांगतो. सतराव्या शतकाच्या आरंभी काही इंग्रज मंडळी आपल्या देशातल्या सरकारी धर्माला कंटाळून हॉलंडात गेली. 1609 मध्ये अॅम्स्टरडॅम येथे जॉन स्मिथ याने या पंथाचा पाया घातला आणि थोड्याच वर्षांत टॉमस हेल्विस याने तो लंडनला आणला. त्यांचे म्हणणे असे की, तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडून कोणी ख्रिस्ती होत नाही. जाणत्या माणसाने स्वतःच्या तोंडाने कबुली द्यावी आणि मगच पाण्यात उतरावे. पुढे पाण्यात संपूर्ण बुडी घेणे हाच त्यांचा बाप्तिस्मा ठरला. दुसरे म्हणणे त्याहून महत्त्वाचे. देवाचे घर विटा-दगडांचे नसते, जमलेली माणसे हेच ते घर. मराठी ख्रिस्ती लोक 'चर्च' या शब्दासाठी 'मंडळी' म्हणतात, त्यात हा अर्थ नेमका उतरला आहे. (आमच्याकडे 'मंडळी' म्हटले की पुरुषांना प्रथम स्वयंपाकघर आठवते, ते सोडून द्या.) आता ज्यांनी आपल्या भिंतींना कधी पवित्र मानलेच नाही, त्यांच्या भिंती आपण कोणत्या नात्याने जपायच्या? मूर्ती नाही, गाभारा नाही; वास्तूत वेगळे असे एकच, पाण्याचे टाके.

इंग्लंडात डेव्हन परगण्यात लफवुड नावाचे एक सभागृह आहे. 1653 च्या सुमाराचे, झाडीत दडलेले. बाहेरून पाहिले तर शेतकऱ्याचे गवती छपराचे घर वाटावे. तसे वाटावे हाच हेतू होता, कारण त्या काळी अशा सभा भरवणे धोक्याचे होते. 1689 च्या कायद्याने थोडी मोकळीक मिळेपर्यंत उपासना लपूनछपून चाले. आत साधी बाके, उंच व्यासपीठ आणि त्याखाली बाप्तिस्म्याचे टाके. आज ते नॅशनल ट्रस्टकडे आहे. त्यांनी त्याला नटवलेले नाही, ही माझ्या दृष्टीने त्यांची मोठी कामगिरी. जी वास्तू दिसू नये म्हणून बांधली तिला उठाव देणे म्हणजे तिच्या बांधणाऱ्यांची थट्टाच झाली असती.

मराठी वाचकाचा या पंथाशी खरा संबंध येतो तो बंगालात. हुगळीकाठचे श्रीरामपूर, आपले अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा मिशनऱ्यांना थारा देत नसे, म्हणून विल्यम केरी 1800 सालच्या जानेवारीत या डॅनिश वसाहतीत येऊन राहिला. धंद्याने मूळचा चांभार, पण भाषांचा अफाट लोभ. वैजनाथ पंडितांना हाताशी धरून त्याने 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापले, 1810 मध्ये मोडी टायपात शब्दकोश काढला, 1811 मध्ये नवा करार. पुढे 'सिंहासन बत्तिशी' आणि 'हितोपदेश'ही तिथूनच निघाले. मराठी गद्याच्या छपाईची पहिली पावले ज्या छापखान्यात पडली, तो 11 मार्च 1812 च्या रात्री जळाला. टाइपाच्या धातूचा नुसता रस झाला. अक्षरांचे मूळ ठसे राखेतून हाती लागले म्हणून काम पुन्हा सुरू करता आले.

त्याच गावी 28 डिसेंबर 1800 रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराने हुगळीत उतरून बाप्तिस्मा घेतला. बरोबर केरीचा मुलगा फेलिक्स होता. घाटावर बंगाली माणसे, युरोपियन आणि खुद्द डॅनिश गव्हर्नर उभा होता. भारतातल्या बाप्टिस्ट इतिहासाचा हा सर्वांत मोलाचा क्षण कोणत्याही छपराखाली घडलेला नाही. तो नदीत घडला, आणि नदीवर संगमरवरी पाटी बसवता येत नाही.

मी श्रीरामपूरला जाऊन आलो आहे. तिथे पाहुण्याला प्रथम दाखवतात ते सेंट ओलाफचे मंदिर: दर्शनी खांब, त्यावर डॅनिश राजाची मुद्रा, वर घड्याळाचा मनोरा. 1806 साली ते पुरे झाले. ते मुळात डॅनिश लोकांचे, लुथरपंथी. केरी आणि त्याचे सोबती तिथेही उपदेश करीत. मध्यंतरी छप्पर धोक्याचे झाल्यामुळे ते बंद ठेवावे लागले होते. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे साहाय्य मिळाले, भारतीय वास्तुतज्ज्ञांनी मन लावून काम केले आणि 2016 मध्ये ते पुन्हा उघडले. त्याच वर्षी युनेस्कोने या कामाचा गौरव केला. गौरव योग्यच आहे. तरी माझी एक तक्रार आहे, ती मांडतो. ज्या वास्तूला राजाची मुद्रा असते तिला सात समुद्रांपलीकडून नातलग मिळतात. कृष्ण पाल सुताराच्या मंडळीचे नातलग कोण? पाहुण्यांचे पाय मनोऱ्याकडे वळतात, बाप्टिस्टांच्या स्वतःच्या साध्या खोलीकडे फारसे वळत नाहीत. कोलकात्यात बहूबाजारला 1809 साली उघडलेले लाल बझार मंदिर आज केरी बाप्टिस्ट चर्च म्हणून ओळखले जाते. 1812 मध्ये अॅडोनिराम जडसन या अमेरिकन मिशनऱ्याने तिथेच पाण्यात उतरून बाप्टिस्ट मत स्वीकारले, आणि पुढे ब्रह्मदेशात जाऊन आयुष्य वेचले. कोलकाता पाहून आलेल्या माझ्या ओळखीच्यांपैकी एकानेही ते पाहिलेले नव्हते.

वास्तू जपण्याचे तंत्र मात्र बंगालात काय, कोकणात काय, एकच. आमच्याकडे जांभ्याचे चिरे, तिकडे भाजलेल्या विटा; जोडायला दोन्हीकडे चुना. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती आत राहून चिरा कुजवते आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याला पोपडे धरतात. त्यावर उपाय म्हणून पुन्हा सिमेंट! आमच्या तालुक्यातल्या एका वाडीत कौलारू देऊळ होते. सागवानी खांब, शेणाने सारवलेला सभामंडप, दीपमाळेला टेकून बसायची जागा. ते उतरवून तिथे स्लॅब पडली, आत चकचकीत फरशी आली, आणि प्रत्येक फरशीवर देणगीदाराचे नाव. काम करणाऱ्या गवंड्याला मी विचारले, "बाबा, चुन्यात नसते झाले का?" तो म्हणाला, "गुरुजी, चुना मळायला आता माणूस कुठून आणू? आणि कमिटीला दिवाळीच्या आत पाहिजे." त्याचे काय चुकले? मला राग आला तो फरशीवरच्या नावांचा. देवाला प्रदक्षिणा घालताना कुणाच्या तरी वडिलांच्या नावावर पाय पडतो, हे देणाऱ्याच्याही लक्षात येऊ नये?

याच नावांच्या हव्यासावरून मला बर्मिंगहॅमची हकीकत सांगायची आहे. अमेरिकेतली ही मंदिरे मी छायाचित्रांतून आणि पुस्तकांतूनच पाहिली आहेत. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम गावी सोळाव्या रस्त्यावर एक बाप्टिस्ट मंदिर आहे. वॉलेस रेफील्ड या कृष्णवर्णी वास्तुविशारदाने त्याचा आराखडा केला, 1911 मध्ये ते बांधून झाले. कृष्णवर्णीयांना गावातली बहुतेक सभागृहे खुली नव्हती, म्हणून लग्नापासून राजकारणापर्यंत अनेक सभा तिथे. 1963 च्या वसंतात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीतले मोर्चे, शाळकरी मुलांचे मोर्चेसुद्धा, तिथून निघत. हेच किंग चार वर्षांपूर्वी, 1959 मध्ये, गांधीजींच्या देशाची यात्रा करून गेले होते. 15 सप्टेंबर 1963, रविवार, सकाळचे 10 वाजून 22 मिनिटे. वर्णद्वेष्ट्यांनी जिन्याखाली ठेवलेला सुरुंग उडाला आणि रविवारच्या शाळेला आलेल्या चार मुली जागच्या जागी गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची.

त्या मंदिराच्या रंगीत काचांच्या खिडक्यांपैकी एक जागेवर टिकली, पण तिच्यातल्या ख्रिस्ताचा चेहरा तेवढा उडून गेला. दुरुस्ती करणाऱ्यांपुढे आता खरा प्रश्न. जुन्यासारखीच काच आणून बसवायची, की भगदाड तसेच ठेवायचे? दूर ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात जॉन पेट्स नावाचा एक काच-चित्रकार होता. बातमी ऐकून त्याने नवी खिडकी करून देण्याचे ठरवले, आणि 'वेस्टर्न मेल' या तिथल्या वृत्तपत्राने वर्गणी काढली. अट एकच: अर्ध्या क्राउनपेक्षा, म्हणजे अडीच शिलिंगांपेक्षा, जास्त कोणाकडून घ्यायचे नाही. कोणी धनिकाने एकट्याने खर्च उचलून ती खिडकी आपल्या नावे करू नये, ती सबंध वेल्सची असावी. पोरासोरांनी खाऊचे पैसे दिले. 1965 मध्ये खिडकी बसली. तिच्यात हात पसरलेला काळा ख्रिस्त आहे. एक हात अन्यायाला थोपवणारा, दुसरा क्षमा देणारा.

जीर्णोद्धाराच्या शास्त्रात ही गोष्ट बसत नाही, हे मला माहीत आहे. शास्त्र म्हणते, मूळचे होते तसे करा. पण मूळचा ख्रिस्त गोरा होता, आणि तो चेहरा सुरुंगाने नेला. तोच पुन्हा बसवला असता तर त्या सकाळी काही घडलेच नाही, असे खिडकी म्हणाली असती. इथे नवी काच जुन्या प्रतिकृतीपेक्षा इतिहासाशी अधिक प्रामाणिक ठरली. म्हणून 'जुने ते सारे जसेच्या तसे' म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही. बदल करावा, मात्र तो का केला हे त्या वास्तूच्या आयुष्यातून निघाले पाहिजे, कमिटीच्या हौसेतून नव्हे. आणि त्या मंदिरात आजही मंडळी जमते. 2017 पासून तो परिसर राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे, तरी रविवारी तिथे उपासना होते.

अटलांटाच्या एबेनेझर मंदिराविषयी माझे मत इतके सरळ नाही. किंग यांचे आजोबा, वडील आणि ते स्वतः तिथले पाळक. 1968 च्या एप्रिलमध्ये त्यांची अंत्ययात्रा तिथून निघाली. सहा वर्षांनी त्यांच्या आईला तिथेच ऑर्गन वाजवत असताना गोळी घातली गेली. 1999 मध्ये मंडळी रस्त्यापलीकडच्या नव्या वास्तूत गेली, आणि जुने मंदिर राष्ट्रीय उद्यान खात्याने 1960 ते 68 या काळात होते तसे करून 2011 मध्ये पाहुण्यांना खुले केले. बाके तशी, रंग तसे, आणि किंग यांचा ध्वनिमुद्रित आवाज घुमत असतो. काम निर्दोष आहे. पण हेच काम आमच्या एखाद्या देवळाचे झाले, आरती ध्वनिमुद्रित आणि गुरव पगारी, तर आम्ही त्याला देऊळ म्हणू का? मंडळी उठून गेल्यावर बाप्टिस्टांच्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणे तिथे 'चर्च' उरत नाही. उरते ती आठवण. आठवणही जपावी, दुसरे काही हाती नसेल तर अवश्य जपावी. बॉस्टनचे 1806 चे आफ्रिकन सभागृह तसेच वाचले. 1832 मध्ये विल्यम लॉइड गॅरिसनने गुलामगिरीविरोधी संस्था तिथेच स्थापली. मंडळी पांगल्यावर ते यहुद्यांचे प्रार्थनागृह झाले, आणि 1972 मध्ये संग्रहालयाकडे आले. यहुद्यांनी विकत घेऊन ते वापरात ठेवले, म्हणूनच त्याच्या भिंती उभ्या राहिल्या. देव बदलला, पण दिवा लागत राहिला.

या सुट्टीत कोणाचा कोलकात्याला जायचा बेत असेल तर हावड्याहून लोकलने श्रीरामपूर तासाच्या आत आहे. सेंट ओलाफ पाहावेच. मग नदीकाठाने कॉलेजात जाऊन केरी ग्रंथालयाची चौकशी करावी आणि मराठी पुस्तके कोणती आहेत ते विचारावे. आणि बाहेर पडल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर थोडे बसावे. भरतीला पाणी बरेच वर येते.