आजोबांचा कॅमेरा आणि आजीचा फोटो

गेल्या डिसेंबरात रत्नागिरीतील आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात जुन्या कॅमेऱ्यांचे एक लहानसे प्रदर्शन मांडले होते. शहरातील दोन-तीन हौशी संग्राहकांनी आपली कपाटे रिकामी करून पंचवीस-तीस कॅमेरे टेबलांवर ठेवले होते. भाता उघडून फोटो घ्यावयाचे, वरून मान वाकवून पाहावयाचे दोन भिंगांचे, रशियन बनावटीचे जड झेनिट आणि बडोद्यास तयार होणारे साधे आग्फा क्लिक थ्री असे नाना प्रकार त्यांत होते. प्रत्येकापुढे एक चिठ्ठी होती. एकीवर ‘आजोबांचा कॅमेरा’, दुसरीवर ‘बाबांनी मुंबईहून आणलेला’. माझ्या वर्गातील एका मुलीने सहज विचारले, “मॅडम, तुमच्या घरी कुठला होता?” मी म्हटले, “आमच्या घरी कॅमेरा नव्हता. फोटोही नव्हते.” ती ओशाळली. दोष तिचा नव्हता. परंतु तो प्रश्न मला सोडीना, आणि त्याचे नीट उत्तर देता यावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. जुने कॅमेरे जमविणाऱ्यांविषयी माझ्या मनात आकस नाही. चार वर्षांपूर्वी मी स्वतः मुंबईच्या चोर बाजारातून एक क्लिक थ्री विकत घेतला. त्यात १२० नंबरची फिल्म बसते आणि बारा फोटो निघतात. कोकणातल्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, म्हणून मी तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. म्हणजे हे वेड मलाही लागलेले आहे. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या संग्रहात २००३ साली ४,४२५ कॅमेरे होते आणि त्याची नोंद गिनेस बुकाने घेतली. आदित्य आर्य यांच्या संग्रहातून गुरुग्राम येथे २०१९ साली ‘म्युझिओ कॅमेरा’ हे संग्रहालय उभे राहिले. २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करणाऱ्या कोडॅकने आपली बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ साली पुन्हा बाजारात आणली, आणि २०२४ साली पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेरा काढला. तेव्हा हा चार रिकामटेकड्यांचा छंद आहे असे म्हणून भागणार नाही. त्यामागे एक सांस्कृतिक भूमिका उभी राहिली आहे. आणि भूमिका म्हटली की तिची समीक्षा झाली पाहिजे.

ही भूमिका अशी मांडली जाते : मोबाइलमुळे फोटो स्वस्त झाला, माणूस दिवसाला शंभर फोटो काढतो आणि एकही पाहत नाही. फिल्मचा रोल छत्तीस फोटोंचा असतो, म्हणून तो काढणाऱ्याला थांबायला, विचार करायला लावतो. मर्यादा, संथपणा, वाट पाहणे ही या मांडणीतील मोलाची मूल्ये होत. आणि या सगळ्याला ‘आपल्या लहानपणी’, ‘त्या काळी घरोघरी’ अशा शब्दांची झालर असते.

यातील ‘आपल्या’ या शब्दापाशी मी अडखळते. रत्नागिरीतील स्टुडिओत आता रोल धुऊन मिळत नाही. मी रोल मुंबईस पाठविते. रोलची किंमत, धुणे, स्कॅन आणि टपाल मिळून खर्च दीड हजाराच्या घरात जातो. इतका खर्च करून मी ‘मर्यादा’ विकत घेते. माझ्या आजीला मात्र ही मर्यादा फुकट मिळाली होती : साऱ्या जन्मात एक फोटो. उपवास करणारा आणि उपाशी राहणारा या दोघांच्याही पोटात अन्न नसते, एवढेच त्यांच्यातील साम्य. उपवासाचे गुणगान जरूर करावे. पण ते करताना उपाशी माणसाला ‘आपण सारे त्या काळी कसे निग्रही होतो’ असे सांगू नये.

कॅमेरा आमच्याकडे उशिरा आला असे मात्र नाही. तो फार लवकर आला. फक्त तो आमच्या हातात नव्हता, आमच्या समोर होता. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे शिक्षण सुरू झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नामांकित छायाचित्रकार होते. मुंबईतील विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ साली शहरातील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे खंड काढले. त्यात त्याने माणसांचे फोटो एकीकडे घेतले आणि मागचे देखावे दुसरीकडचे जोडले. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यातील बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही, जातीचे अथवा जमातीचे नाव आहे. छायाचित्रणाच्या आरंभीच्या दहा-वीस वर्षांतच त्या यंत्राला या देशात जातीचे काम लावले गेले. आज संग्राहक ज्या पितळी भिंगांवरून प्रेमाने हात फिरवितात, त्यांचा हाही इतिहास आहे. आणि प्रदर्शनातील चिठ्ठीवर तो कधी लिहिला जात नाही.

आता माझ्या आजीच्या फोटोकडे येते. १९९३ नंतर निवडणूक आयोगाने मतदारांना छायाचित्रासह ओळखपत्रे देण्यास आरंभ केला. आमच्या गावातल्या शाळेच्या पडवीत कापड ताणून, एकेकाला स्टुलावर बसवून फोटो घेतले गेले. आजीचा आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचा फोटो. ती गेल्यावर वडिलांनी ते ओळखपत्र स्टुडिओत नेले. तेथे तो अंगठ्याएवढा चेहरा मोठा करण्यात आला, त्याला कोरी निळी साडी रंगविण्यात आली, गळ्यात तिने कधी न घातलेली माळ आली आणि पाठीमागे बाग आली. जॉन्सनने मुंबईच्या माणसांमागे परका देखावा चिकटविला होता. आम्ही तो पैसे देऊन चिकटवून घेतला. कारण खरा देखावा भिंतीवर लावावा असा नव्हता.

तरीही मी त्या ओळखपत्राला केवळ पाळतीचे साधन म्हणू शकत नाही. त्यावर आजीच्या चेहऱ्याजवळ तिचे नाव छापले होते, जात नव्हती. आठ खंडांतील चित्रांना जे मिळाले नाही ते त्या कार्डावर तिला मिळाले. बाबासाहेबांनी घटनेत प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला एकच मूल्य दिले. त्या मताचा पुरावा म्हणून आजीचा चेहरा टिपला गेला. सत्तेचा कॅमेरा माणसाला जातीचा नमुना करतो आणि तोच कॅमेरा त्याला नागरिकही करू शकतो. प्रश्न यंत्राचा नाही. चेहऱ्याखाली काय लिहिले जाते याचा आहे.

आईचा लग्नातला फोटो आहे, तोही एकच. त्यात आई गोरी आहे. आई गोरी नव्हती. त्या काळी स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहरा उजळ करीत. फोटोआधी पावडरचा थर तर ठरलेलाच. मी लहानपणी आईला तो फोटो दाखवून विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, “ती मी न्हाय गं.” या विनोदात एक सांस्कृतिक सत्य आहे. रंगीत फिल्म तयार करणाऱ्या कोडॅकने रंग जुळविण्यासाठी प्रयोगशाळांना जे नमुनापत्र दिले, त्यावर गोऱ्या स्त्रीचे चित्र होते. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते ओळखले जाई. गोरी कातडी हे प्रमाण आणि काळी कातडी ही अडचण, असा न्याय फिल्मच्या रसायनातच होता. आज ‘फिल्मचे रंग किती खरे’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते कुणाच्या कातडीसाठी खरे, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

झटपट फोटो देणारा पोलरॉइड तर आज हौशी मंडळींचा अत्यंत लाडका आहे. या कंपनीचे फोटो दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांच्या सक्तीच्या पासांसाठी वापरले जात होते. १९७० साली कंपनीच्याच कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी, कॅरोलाइन हंटर व केन विल्यम्स यांनी, त्याविरुद्ध आवाज उठविला. हंटर यांना नोकरी गमवावी लागली; पण आंदोलन थांबले नाही आणि १९७७ साली कंपनीला दक्षिण आफ्रिकेतून माघार घ्यावी लागली. कॅमेऱ्यावर प्रेम करण्याची ही एक रीत आहे : तो कुणाविरुद्ध वापरला जातो याची जबाबदारी घेण्याची.

दुसरी रीत डु बॉइस यांची. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले, तेच हे विचारवंत. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी जॉर्जियातील कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांची तीनशेहून अधिक छायाचित्रे मांडली. ती कुणाचे नमुने म्हणून काढलेली नव्हती. नीटनेटके कपडे केलेली, कॅमेऱ्याकडे सरळ पाहणारी ती माणसे होती. ही छायाचित्रे आठवली की मला राजगृहातील १९३४ सालचा कुटुंबाचा फोटो आठवतो : यशवंत, बाबासाहेब, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि टॉबी कुत्रा. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. आमच्या जिल्ह्यातील दापोलीजवळच्या वणंद गावची ती लेक. तिचा चेहरा आज आम्हांला ठाऊक आहे तो अशा मोजक्या फोटोंमुळे. तो कोणत्या कंपनीच्या कॅमेऱ्याने घेतला, याने आमचे काहीही अडत नाही. निगेटिव्ह वा छाप हरवली असती, तर मात्र भरून न येणारी हानी झाली असती.

माझा मुद्दा येथे येतो. कॅमेरा ही स्मृती नव्हे. तो एक रिकामा डबा आहे. स्मृती निगेटिव्हमध्ये असते, छापील फोटोत असते आणि फोटोतल्या माणसाचे नाव सांगू शकणाऱ्या म्हातारीच्या तोंडी असते. ही गोष्ट मोठ्या संग्राहकांनाही कळते. ‘म्युझिओ कॅमेरा’ उभारणाऱ्या आदित्य आर्य यांच्याकडे छायाचित्रकार कुलवंत रॉय यांच्या निगेटिव्हच्या पेट्या आल्या होत्या. रॉय १९८४ साली वारले. आर्य यांनी त्या पेट्या पुढे उघडल्या, निगेटिव्ह लावून काढल्या आणि स्वातंत्र्यकाळातील नेत्यांची दुर्मीळ छायाचित्रे लोकांपुढे आली. हे काम मला हजारो कॅमेऱ्यांपेक्षा थोर वाटते. पण नेत्यांच्या पेट्यांना वारस मिळतो. धम्मदीक्षेनंतर गावोगाव झालेल्या सभा, पहिल्या बुद्धविहाराची पायाभरणी, मुंबईच्या चाळीतील जयंत्या यांचे फोटो ज्या लहान स्टुडिओवाल्यांनी काढले, त्यांच्या पेट्यांचे काय? त्या कुठल्या माळ्यावर आहेत?

आपल्या हाती कॅमेरा आला म्हणजे काय होते, याचे उदाहरणही आपल्यापुढे आहे. अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. २०१३ साली त्यांचे पुस्तक झाले आणि २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. कृष्णधवल हा आज छंदाच्या बाजारात ‘मूड’ आहे. ओलवे यांच्या चित्रांत तो मूड नाही. गटारात उतरलेला माणूस तेथे करुणेचा विषय म्हणून उभा नाही. तो काम करतो आहे, आणि पाहणाऱ्याने ते काम टाळू नये एवढीच त्या चित्राची मागणी आहे. संथपणा आणि मर्यादा यांना अर्थ येतो तो असा, समोरच्या माणसाला वेळ दिल्यामुळे. त्यासाठी जुने यंत्र लागतेच असे नाही.

मग मी माझ्या क्लिक थ्रीचे काय करते? गेल्या मे महिन्यात मी त्यात रोल भरला आणि आईला अंगणात, उन्हाकडे तोंड करून, पावडर न लावता उभी केली. ती अवघडली. बारापैकी चार फोटो हलले. उरलेल्यांत ती आहे, तिच्या रंगासह आहे. निगेटिव्हच्या पाकिटावर मी तिचे नाव, गाव आणि तारीख लिहिली. हा छंद मी सोडणार नाही. पण त्याच महिन्यात आमच्या वाडीतील सात घरांतून मी जुने फोटो पाहून आले. तीन घरांतले फोटो ओल येऊन काचेला चिकटले होते. एका घरी पत्र्याच्या डब्यात निगेटिव्हच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून त्यांची वडी झाली होती. कोकणचा पाऊस आमचा इतिहास दरवर्षी थोडाथोडा खातो आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकबंधूभगिनींना माझी विनंती आहे. येत्या जयंतीस गावी जाल तेव्हा घरातला पत्र्याचा डबा उघडा. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. काचेसकट त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. मागच्या बाजूस शाईने नव्हे, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव लिहा. निगेटिव्ह टाकून देऊ नका. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. आणि वाडीतल्या सर्वांत वृद्ध बाईपाशी तो डबा घेऊन बसा, कारण फोटोतली नावे तिलाच माहीत आहेत, आणि तिचा स्वतःचा फोटो कदाचित त्यात नसेल. तो तेवढा काढा.

त्या विद्यार्थिनीला मी चुकीचे उत्तर दिले होते, हे आता कळते. आमच्या घरी एक फोटो होता. माझे आजोबाही मुंबईला होते, गिरणीत. त्यांनी कॅमेरा आणला नाही. त्यांनी बाबासाहेबांचा फ्रेम केलेला फोटो आणला आणि मधल्या भिंतीवर लावला. पुढच्या प्रदर्शनात कॅमेऱ्यांच्या टेबलाशेजारी मी तो ठेवणार आहे, त्याच्याजवळ आजीचे मतदार ओळखपत्रही ठेवणार आहे, आणि पुढच्या चिठ्ठीवर दोघांची नावे लिहिणार आहे.