मुळशीचे ‘नैसर्गिक सरोवर’: सहलीच्या साहित्याचे परीक्षण

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या सहलींविषयीचे साहित्य आता भरपूर झाले आहे. पुस्तिका आहेत, निवासगृहांची रंगीत पत्रके आहेत आणि शाळांच्या हस्तलिखितांत दरवर्षी येणारी सहलवर्णनेही आहेत. या साहित्यात मुळशीचे वर्णन बहुधा एकाच साच्यातून काढलेले असते: डोंगरांच्या कुशीतले नैसर्गिक, खोल, निळे सरोवर. यातील ‘निळे’ आम्हांला मान्य आहे, तेही पावसाळा सोडून. उरलेल्या दोन विशेषणांपाशी मात्र शिक्षकांनी वर्गाला थोडे थांबवावे असे वाटते. ती तपासताना भूगोल, भौतिकी आणि इतिहास असे तीन विषय एकाच काठावर शिकवता येतात, आणि पत्रकांनी नेमकी तीच संधी घालवलेली आहे.

प्रथम ‘नैसर्गिक’ घेऊ. मुळशीच्या जलाशयाचा नकाशा मुलांपुढे ठेवावा. पाण्याला बोटे फुटल्यासारखी दिसतात. प्रत्येक बाजूच्या ओढ्याच्या दरीत पाण्याचा एकेक फाटा शिरलेला असतो आणि पूर्वेला एका ठिकाणी हे सारे पाणी एका सरळ रेषेवर येऊन थांबते. नदीची दरी बुडाली की असाच आकार तयार होतो. ती सरळ रेषा म्हणजे धरणाची भिंत. मग याच कागदावर लोणारच्या सरोवराचा आकार काढावा. तो जवळजवळ वर्तुळाकार आहे, कारण अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेला तो खड्डा आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. दोन आकृत्या शेजारी ठेवल्या की वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

सह्याद्रीत मोठी नैसर्गिक सरोवरे का नाहीत, हा प्रश्न एकाही पत्रकाला पडलेला आम्ही पाहिला नाही. सरोवर होण्यासाठी जमिनीत कोठेतरी बंदिस्त खळगा लागतो. हिमनद्या तो कोरतात, भूकवच फाटल्याने तो होतो (१,६४२ मीटर खोलीचे बैकल याच प्रकारचे), विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात तो असतो किंवा दरड कोसळून नदी अडते. आपल्याकडचे लाव्ह्याचे थर सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचे. हिमनद्या येथे नव्हत्या, आणि नद्यांना आपला उतार सलग कोरून काढायला मुबलक काळ मिळाला. त्यामुळे पाणी कोठे अडत नाही, अडवावे लागते. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला ज्यांना आपण लेक म्हणतो ती वळवण, शिरवटा, ठोकरवाडी ही सारी मानवनिर्मित आहेत, आणि मुळशीही त्याच कुळातली.

आता ‘खोल’. काठावरच्या चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येते की याचा तळ कोणाला लागलेला नाही. लोककथा म्हणून ते गोड आहे. पण छापील पुस्तिकेने ते उचलावे हे बरे नव्हे. धरणाची पायापासूनची उंची ४८.८ मीटर आहे. जलाशय सर्वांत खोल असतो तो भिंतीलगत, आणि तेथेही खोली भिंतीच्या उंचीपेक्षा जास्त असू शकत नाही. वर सरकत जावे तसा दरीचा तळ चढत जातो आणि फाट्यांच्या टोकांशी पाणी गुडघाभर उरते. सरासरी खोली म्हणजे साठ्याला पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने भागणे. साठा सुमारे ५२ कोटी घनमीटर आहे. क्षेत्रफळ विद्यार्थ्यांनी नकाशावर आलेखाचा कागद ठेवून चौकोन मोजून काढावे. आठवीचा वर्ग हे एका तासात करतो.

या पाण्याच्या तळाशी जे आहे त्याचे खूळ मात्र पत्रकांनी घेतलेले नाही. तेथे शेते आणि गावे आहेत. मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनीने हे धरण बांधायला घेतले तेव्हा खोऱ्यातील मावळ्यांनी त्याला विरोध केला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे प्रमुख नेते. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. बुडणारी जमीन ही आंबेमोहोर भाताची जमीन होती. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. १९२७ मध्ये भिरा येथे वीजनिर्मिती सुरू झाली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर सविस्तर अभ्यास लिहिला असून त्यांच्या २००९ च्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. ‘नैसर्गिक’ हा एक शब्द वापरला की हे सारे पुसले जाते. ज्या पाण्याला कोणी केलेलेच नाही, त्याच्यासाठी कोणी उठवला गेला असेल हा प्रश्न मुलाच्या मनात येणारच कसा?

मग धरण येथेच का? आमच्या मते मुळशीच्या परिसरातील सर्वांत मोठे आश्चर्य या प्रश्नाच्या उत्तरात आहे. मुळा नदी पूर्वेला वाहते. पुण्यात मुठेला मिळून ती भीमेत जाते, भीमा कृष्णेत, आणि हे पाणी द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागराला पोहोचते. पण जलाशयाच्या पश्चिम टोकापासून थोड्याच अंतरावर पठार संपते आणि कडा कोकणात कोसळतो. म्हणून येथे धरण अडवते एकीकडे आणि पाणी जाते दुसरीकडे. ते बोगद्यातून व नळांतून पश्चिमेला भिऱ्याच्या जनित्रांवर सुमारे ५०० मीटर खाली सोडले जाते आणि पुढे कुंडलिका नदीतून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. पुढे कोयनेलाही हेच तत्त्व वापरले गेले.

गणित करून पाहावे. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम. ते ५०० मीटर खाली आले की १,००० × ९.८ × ५०० म्हणजे ४९ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. ३६ लाख ज्यूल म्हणजे एक युनिट वीज. म्हणजे सुमारे १.३६ युनिट, आणि घर्षण व यंत्रांतील घट वजा जाता एकाहून थोडी अधिक. हेच पाणी धरणाच्या पायथ्याशी पूर्वेला सोडले असते तर भिंत तुडुंब भरलेली असतानाही याच्या दहाव्या हिश्श्याइतकी ऊर्जा हाती आली नसती.

दुसरी बाजूही मुलांनी मांडावी. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण आपल्याकडे धरतात. त्या हिशेबाने एक घनमीटर पाणी एका माणसाला आठवडाभर पुरते. एक युनिट वीज की एका माणसाचे आठवड्याचे पाणी, असा हा प्रश्न आहे. मुळशीचे पाणी पुन्हा पूर्वेकडे द्यावे ही मागणी अधूनमधून होते, तिच्या मुळाशी हाच हिशेब आहे. उत्तर शिक्षकांनी देऊ नये. वर्गात दोन बाजू पाडाव्यात आणि प्रत्येक बाजूला आकड्यांनिशी बोलायला लावावे.

‘जवळपासची निसर्गनवले’ या मथळ्याखाली पत्रके ताम्हिणी, प्लस व्हॅली, अंधारबन आणि देवकुंड यांची नावे देतात. निवड चांगली आहे. रस्ते, अंतरे, जेवणाची सोय ही माहितीही सामान्यतः विश्वसनीय असते. या बाबतीत आमची तक्रार नाही. पण ही स्थळे सुटी सुटी दिली जातात, जणू निसर्गाने ती जत्रेतल्या दुकानांसारखी मांडली आहेत. वस्तुतः ती एकाच कड्याची कामे आहेत. कोकणात उतरणारे ओढे तीव्र उतारामुळे पठाराची कड पोखरत मागे नेतात. त्यातून दऱ्या होतात. कठीण आणि मऊ थर आलटून पालटून असल्याने पायऱ्या पडतात, आणि कोसळणारे पाणी पायथ्याशी खळगा कोरते. देवकुंड हा असा खळगा. म्हणजे या परिसरात खरोखर निसर्गाने केलेले खोल पाणी शोधायचे तर ते त्या लहानशा कुंडात आहे. देवराया तर बहुतेक पत्रकांत नाहीतच; माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यामुळे त्यांचे मोल वैज्ञानिक जगाला कळले. ताम्हिणीचे अभयारण्य २०१३ मध्ये झाले.

पावसाविषयीचे मौन मात्र आम्ही गंभीर दोष मानतो. पत्रके ‘पावसाळ्यात अवश्य या’ म्हणतात आणि पुढे जातात. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा या कड्यावर चढते, थंड होते आणि बहुतेक पाणी येथेच टाकते. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ताम्हिणीत त्याच्या कितीतरी पट. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीत २४ तासांत ५५० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. कातळावर मातीचा थर पातळ. तो एकदा भिजला की पुढचे पाणी मुरत नाही, सरळ ओढ्याला येते. वर कोठे ढग फुटला तर खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत चढू शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले. ज्या पत्रकात चहाच्या दुकानासाठी जागा आहे, त्यात या दोन वाक्यांसाठी जागा असायला हवी होती: पाणी गढूळ झाले, किंवा त्याचा आवाज बदलला, की ताबडतोब वर चढा. उंच जागा आधी हेरून मगच पाण्यात पाय घाला.

कोलाडच्या पत्रकांकडे जाता जाता पाहू. कुंडलिकेच्या खळाळत्या प्रवाहातून रबरी नावांनी जाण्याचा खेळ तेथे चालतो, आणि नदीला ‘रानटी’ म्हटलेले असते. पण पावसाळा संपल्यावरही या नदीला जे पाणी असते ते वीजघरातून सोडलेले, म्हणजे मुळेचे पाणी असते. नावेतल्या माणसाला ते कोणी सांगत नाही.

शाळांच्या सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघतात. तोवर पाणी थोडे ओसरलेले असते आणि काठाने उघड्या मातीचा, झाडझुडूप नसलेला पट्टा दिसू लागतो. हा पट्टा दरवर्षी बुडतो आणि दरवर्षी उघडा पडतो, म्हणून त्यावर झाडे टिकत नाहीत. मुलांनी त्याची उभी उंची दोरी व ओळंब्याने मोजावी आणि जमल्यास मे महिन्यात त्याच जागी पुन्हा मोजावी. दोन आकड्यांतील फरक म्हणजे त्या काळात पाणी किती मीटर उतरले ते.