चुकीच्या फोल्डरमध्ये बिनबोभाट चालणारी स्क्रिप्ट

संगणकावर पदार्थांचे गुणधर्म काढणाऱ्या लॅबमध्ये एक छोटी बॅश स्क्रिप्ट हमखास सापडते. कुणी लिहिली ते कुणालाच माहीत नसतं. सीनिअर ज्युनिअरला देतो, ज्युनिअर त्याच्या ज्युनिअरला. वापरतात सगळे, वाचत कुणी नाही. म्हणून आज तिचीच चिकित्सा करू.

काम साधं असतं. समजा, सिलिकॉनचा लॅटिस स्थिरांक काढायचाय. (तो ५.४३ अँगस्ट्रॉमच्या आसपास आहे हे माहीतच आहे, म्हणून तर सराव यावर करतात.) ५.३६ पासून ५.५२ पर्यंत ०.०२ च्या टप्प्याने नऊ आकडे घ्यायचे, प्रत्येकाचं एक फोल्डर करायचं आणि प्रत्येकात व्हास्प हा प्रोग्रॅम चालवायचा. मग ऊर्जेचा आलेख काढायचा. तळ जिथे, तिथे उत्तर. स्क्रिप्टमधला फॉर लूप म्हणतो : या आकड्याच्या फोल्डरमध्ये जा, व्हास्प चालव, आउटकार फाइलमधली शेवटची ऊर्जा उचल आणि तक्त्यात या आकड्यासमोर लिही.

चार ओळी, काही इन्स्टॉल करायला नको, वाचताक्षणी कळते. हे गुण मी मानतो. पण आता बघा काय होतं ते.

फोल्डर बनवले पायथनने. पायथन ५.४० ला नुसतं ५.४ लिहितं, शेवटचं शून्य गाळतं. लूपमधले आकडे मात्र सीक कमांडने दिलेत आणि ती लिहिते ५.४०. झालं! ‘सीडी ५.४०’ फसतं, कारण त्या नावाचं फोल्डरच नाही. बॅश एक ओळ कुरकुरते आणि पुढे जाते. ती ओळ क्लस्टरच्या एरर फाइलमध्ये जाऊन पडते, जी कुणी उघडत नाही. आपण अजून ५.३८ मध्येच उभे! व्हास्पला लागणाऱ्या सगळ्या फाइल्स तो चालू फोल्डरमधूनच घेतो, त्यामुळे त्याची काहीच तक्रार नाही. उलट आधीची वेव्हकार फाइल तिथे असेल तर काम लवकर उरकतं. ५.४० समोर ५.३८ ची ऊर्जा बसते, ५.५० समोर ५.४८ ची. शेवटचे एक-दोन अंक थोडे हलले तर दोन ओळी सारख्या आहेत हेही डोळ्यात भरत नाही.

नऊपैकी दोन बिंदू खोटे, तरी वक्र बसतो. तळ जरासा सरकतो. सिलिकॉनमध्ये कुणाला तरी शंका येईल. नव्या पदार्थात ताडून बघायला आकडाच नसतो, आणि तो थीसिसमध्ये जातो.

म्हणजे माझा आक्षेप लूपवर नाही. स्क्रिप्ट नाव एकीकडून घेते आणि उत्तर दुसरीकडून, आणि दोन्ही एकाच ठिकाणचे आहेत का हे तपासत नाही, यावर आहे.

‘वर सेट-ई टाक’ हा सल्ला सर्रास मिळतो. मला तो अर्धवट वाटतो. तिसऱ्याच फोल्डरला सगळं थांबतं आणि सकाळी उरलेली सहा तशीच पडलेली असतात. शिवाय आउटपुट पाइपने टी कमांडला दिलं असेल, तर व्हास्प कोसळला तरी बॅशला टीचंच यश दिसतं. त्यासाठी पाइपफेल वेगळं लावावं लागतं.

त्यापेक्षा सीडी, व्हास्प आणि तक्त्यात लिहिणं हे तिन्ही एका कंसात घाला आणि दुहेरी अँपरसँडने जोडा. फोल्डरचं नाव दुहेरी अवतरणात, म्हणजे नावात स्पेस असली तरी ते तुटत नाही. एक फोल्डर फसलं तर तेवढंच सुटतं, आणि कंसाबाहेर आलं की आपण मूळ जागी. तक्त्यात लूपमधला आकडा एकटा लिहूच नका; आउटकारमध्ये सेलचं घनफळ छापलेलं असतं, ऊर्जेबरोबर तेही उचला.

जुन्या तक्त्यांसाठी व्हास्प लगेच परत चालवायची गरज नाही. फोल्डर शिल्लक असतील तर प्रत्येक आउटकारमधलं घनफळ आणि ऊर्जा पुन्हा वाचून शेजारी लावा. ५.४ च्या फोल्डरमध्ये आउटकार सापडलीच नाही, तर तक्त्यातला तो आकडा कुठून आला ते कळेलच.