आंब्याची जात ओळखावी कशावरून?

आंब्याच्या जातींचे वर्णन कसे करावे, यासाठी आंतरराष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा संस्थेने 2006 मध्ये एक सविस्तर यादी प्रसिद्ध केली. झाड, पान, मोहोर, फळ, बाठा अशा सर्व भागांसाठी तीत रकाने आहेत. सगळ्यांच्या नोंदी एकाच पद्धतीने व्हाव्यात, हा तिचा मोठा उपयोग. आमची तक्रार आहे ती अशा याद्या वापरण्याच्या रीतीबद्दल. जितके गुण अधिक मोजू तितकी जातीची ओळख पक्की, असा समज आम्हा संशोधकांतही आढळतो आणि शाळेच्या प्रकल्पवहीतही उतरतो.

हापूसचे कलम म्हणजे हापूसचीच फांदी दुसऱ्या खुंटावर जोडलेली. त्यामुळे दोन कलमांची आनुवंशिक घडण जवळजवळ सारखीच असते. तरीही त्यांच्या फळांच्या वजनात फरक पडतो. कारण माती, पाणी, झाडाचे वय, त्यावरील फळांची संख्या. झाडाची उंची तर खुंटावरही ठरते. वेल्लाईकोलंबन या जातीच्या खुंटावर हापूस ठेंगणा राहतो. जो गुण एकाच जातीत इतका बदलतो, तो दोन जातींतला फरक कसा सांगणार? याउलट तोतापुरीची चोच बागेगणिक नाहीशी होत नाही. हापूसच्या बाठ्यातून एकच रोप येते, केरळातल्या ओलूरच्या बाठ्यातून अनेक. हे गुण भरवशाचे.

दुसरी चूक मोजणीची. फळाची लांबी, रुंदी आणि वजन सहसा एकत्रच वाढतात. हे तीन गुण स्वतंत्र धरणे म्हणजे एकाच साक्षीदाराची साक्ष तीनदा नोंदवणे.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. रोपवाटिकेतून कलम घेताना त्यावर फळ नसते. जात भलतीच निघाली तर ते कळायला चार-पाच वर्षे जातात. तेथे फळाचे गुण कितीही खात्रीचे असले तरी निरुपयोगी. पानाचा आकार, कडेचा नागमोडीपणा, चुरगळलेल्या पानाचा वास, कोवळ्या पालवीचा रंग हेच हाताशी असतात. पालवीचा रंग मात्र काही दिवसांत पालटतो. म्हणून तुलना एकाच वयाच्या पालवीची करावी. आज डीएनए चाचणीने जात तपासता येते, पण ती प्रत्येक रोपवाटिकेच्या दारात पोचलेली नाही.

वर्गात हे सहज पडताळता येईल. एका जातीची दोन कलमे आणि दुसऱ्या जातीचे एक निवडा. प्रत्येकाची दहा जून पाने घेऊन लांबी, रुंदी आणि लांबी-रुंदीचे गुणोत्तर काढा. आधी एकाच जातीच्या दोन झाडांतला फरक पाहा, मग दोन जातींतला. पहिला लहान आणि दुसरा मोठा असेल तोच गुण ठेवा, बाकीचे खोडा. आणि वही तपासताना, विचार करून खोडलेल्या रकान्यांनाही गुण द्या.