हबशी पेशवा आणि वेशीवरचा महार

रिचर्ड ईटन यांच्या ‘अ सोशल हिस्ट्री ऑफ द डेक्कन’ (२००५) या ग्रंथात दख्खनमधील आठ व्यक्तींची चरित्रे आहेत. त्यातले मलिक अंबरवरचे प्रकरण मी नगरकर म्हणून वाचले आणि दलित म्हणूनही वाचले. या दोन वाचनांचे आपसात पटले नाही. ते का पटले नाही, एवढेच येथे मांडायचे आहे.

आपण आफ्रिकेकडे पाहिले ते बहुधा अमेरिकेच्या वाटेने. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटलेल्यांना. जनार्दन वाघमारे यांनी काळ्या अमेरिकनांचे साहित्य मराठी वाचकाला समजावून दिले. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. हे योग्यच झाले. पण पूर्व आफ्रिकेतून विकत आणलेली माणसे ज्या नगरच्या दरबारात वावरली, तो दरबार मात्र आपण इतिहासकारांवर सोडून दिला.

अंबर १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला. मूळ नाव चापू. मोखा, बगदाद असा विकला जात तो १५७० नंतरच्या काही वर्षांत निजामशाहीत आला. त्याला विकत घेणारा पेशवा चंगीजखान हा स्वतः एकेकाळचा हबशी गुलामच. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा याच अंबरने राजघराण्यातल्या एकाला गादीवर बसवून राज्य जिवंत ठेवले, आणि १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला मोगल व आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकदम मोडल्या.

ईटन यांचे मोठेपण असे की, ते हा चमत्कार म्हणून सांगत नाहीत. इथिओपियाला हिंदुस्थानचे कापड हवे होते आणि त्याच्या मोबदल्यात तिकडून माणसे येत होती. इकडे दख्खनी सरदार आणि पश्चिमेकडून आलेले सरदार यांचे हाडवैर. अशा दरबारात ज्याला भाऊबंद नाही, तोच धन्याला विश्वासाचा वाटे. म्हणजे अंबरला वर चढायला जो जिना मिळाला, त्याच्या पहिल्याच पायरीवर आई, गाव, भाषा आणि नाव ठेवून यावे लागत होते. त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ही पायरी विसरू नये.

शिवाय डाग पुरता गेला होता काय? डच व्यापारी पीटर फान डेन ब्रूके याने एक हकिकत लिहून ठेवली आहे. अंबरची मुलगी सुलतानाला दिलेली होती. सुलतानाच्या गोऱ्या इराणी बायकोने तिला काळी, गुलामाची पोर म्हणून हिणवले, आणि अंबरने त्या बायकोला व सुलतानालाही विष घालवले. बाप राज्य चालवतो आहे, तरी मुलीला शिवी मिळतेच. फरक इतकाच की, या बापाच्या हातात शिवीचा सूड घेण्याची सत्ता होती.

इथेच बाबासाहेबांनी गुलाम आणि अस्पृश्य यांची केलेली तुलना आठवते. गुलामाला धनी मुक्त करू शकतो, कारण गुलामी ही मालकीची बाब आहे. अस्पृश्याला मुक्त करील असा धनीच नसतो. चंगीजखान मेल्यावर अंबर मोकळा झाला. महार कोणाच्या मरणाने मोकळा होणार होता?

अंबरच्या जमीनधाऱ्याची तारीफ तर आजही होते. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात त्याला श्रेय दिले आहे ते, मक्तेदारी मोडून वसुली ब्राह्मण कारकुनांकडे दिल्याचे आणि मोडकळीला आलेली गावव्यवस्था पुन्हा सावरल्याचे. नगरकर म्हणून मला याचा अभिमान वाटायला हवा. पण सावरलेल्या गावात वेशीवर कोण उभा होता, हे मला ठाऊक आहे. ईटन यांच्या प्रकरणाचा रोख दरबार, फौज आणि व्यापार यांवर आहे. तो गावकुसापर्यंत येत नाही. गुलामाने राज्य चालवले म्हणून राज्याचा पाया बदलला नाही.

आपल्या लोकांत अमृतनाकाची कथा सांगतात. बिदरच्या बादशहाची बेगम त्याने सोडवून आणली, आणि आपल्या इमानाचा पुरावा त्याने जाण्यापूर्वीच स्वतःचे पुरुषत्व कापून डबीत बंद करून ठेवला होता. बक्षीस म्हणून त्याने जातीसाठी बावन्न हक्क मागितले. ही दंतकथा आहे. पण दंतकथेलाही आपला न्याय असतो. हबशाला इमानाचे फळ मिळाले ते त्याला मुळापासून दूर, वर नेणारे. महाराला मिळाले ते त्याला गावाशी पिढ्यान्‌पिढ्या जखडणारे. ती बेडी कायद्याने तुटायला १९५८ साल उजाडले. मात्र एक गोष्ट अमृतनाकाच्या बाजूची आहे. त्याने मागितले ते सगळ्यांसाठी. अंबरने हबशांसाठी काय मागितले, हा प्रश्न त्याच्या चरित्रकारांना विचारावासा वाटतो.

गुजरातेतील सिद्दींवर हेलेन बसू यांनी मानवशास्त्रीय अभ्यास केला आहे. तिथे ‘गोमा’ नाच अजून आहे, आणि तो शब्द पूर्व आफ्रिकेतल्या ‘न्गोमा’चा, म्हणजे ढोलाचा. पेशवा झालेल्या हबशांच्या मागे इमारती, कालवे राहिले. फकीर आणि चाकर झालेल्यांच्या मागे ढोल राहिला.

ईटन यांच्या त्याच ग्रंथात पापाडूचेही प्रकरण आहे. तेलंगणातील ताडी काढणाऱ्या जातीचा हा माणूस. त्याने जातीचा धंदा नाकारला, गढी बांधली, १७०८ साली वारंगळ लुटले आणि १७१० साली तो मारला गेला. त्याला जात होती, भाऊबंद होते, गाव होते. अंबरकडे यातले काहीच नव्हते. आपल्या अभ्यासमंडळांनी ही दोन प्रकरणे एका बैठकीत वाचावीत. ग्रंथात त्यांच्यामध्ये फक्त तुकोबा आहेत.