कारकुनी व्हिस्की

ग्लेनफिडिक बारा वर्षं या व्हिस्कीचा अपराध एकच, ती कुठेही मिळते. जाणकारांच्या बैठकीत तिचं नाव काढून पाहा. पंचपक्वान्नांच्या पंगतीत बटाट्याच्या भाजीचं कौतुक केल्यावर होतात तसे चेहरे होतात. "सुरुवातीला ठीक आहे हो!" असं म्हणून मंडळी आपल्याला बालवर्गात बसवतात. मग स्वतः कुठल्याशा स्कॉटिश बेटावरची धुरकट व्हिस्की काढतात आणि तिला आयोडीनचा वास येतो म्हणून आनंदाने डोळे मिटतात. दवाखान्याचा वास पैसे मोजून का घ्यायचा, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

तेव्हा हिचा हिशेब एकदा नीट मांडू या. हिशेबच म्हणायचं, कारण हिचा जन्मदाता विल्यम ग्रँट हा मुळात हिशेबनीस. स्कॉटलंडातल्या डफटाउन गावी मॉर्टलाक नावाच्या भट्टीत तो १८६६ साली वह्या लिहायला लागला आणि वीस वर्षांच्या नोकरीत व्यवस्थापकपदापर्यंत पोचला. मग राजीनामा देऊन त्याने मुलाबाळांच्या मदतीने स्वतःची भट्टी बांधली. यंत्रसामग्री कार्डो भट्टीने काढून टाकलेली, किंमत ११९ पौंड, १९ शिलिंग, १० पेन्स. म्हणजे १२० पौंडांना दोन पेन्स कमी! या दोन पेन्सांपाशी माझा निःपक्षपातीपणा संपतो. २५ डिसेंबर १८८७ रोजी, नाताळच्या दिवशी, तिथे पहिली धार पडली.

आता सिंगल माल्ट म्हणजे काय? जवाला मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडायचे. नाचणीसत्त्व करणाऱ्या घरात इथपर्यंत काही शिकवावं लागणार नाही. पुढचं आंबवणं आणि तांब्याच्या भांड्यांतून गाळणं मात्र घरी करू नये. हे आंबवणं आणि गाळणं एकाच भट्टीत झालं पाहिजे आणि माल ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरला पाहिजे, असा कायदा. ही बारा वर्षं मुरते. त्यातही बाटलीवर वय लिहायचं ते आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं. आपल्याकडे घराण्याचा रुबाब आजोबांच्या वयावर चालतो, तिथे शेंडेफळाचं वय सांगावं लागतं.

मुरताना दरसाल सुमारे दोन टक्के माल हवेत उडतो. स्कॉटिश लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. चक्रवाढीने हिशेब केला तर १०० लिटरचे बारा वर्षांनी साधारण ७८ लिटर उरतात. मुदत संपल्यावर मुद्दलच कमी करून देणारी ही जगातली एकमेव मुदत ठेव, आणि तरी लोक ती ठेवतात.

आता चव. नाक जवळ नेलं की पहिल्यांदा नासपती. पुस्तकातही नासपतीच छापलेली असल्यामुळे उत्तर बरोबर आल्याचं समाधान मिळतं. जिभेवर मोडाच्या धान्याचा गोडवा, थोडा व्हॅनिला, मागून लाकडाची किंचित तुरट आठवण. धूर नाही, ठसका नाही. चमचाभर पाणी तिला मानवतं. बर्फ घातला की ती गप्प बसते. घोट उतरल्यावर चव फार रेंगाळत नाही. "निघतो" म्हटल्यावर खरोखरच निघणाऱ्या पाहुण्यासारखी ती जाते. जाणकारांचा आक्षेप इथेच आहे आणि तो खरा आहे. अंगाने ती थोडी पातळच. पण पातळ म्हणजे खोटी नव्हे.

शिवाय एक गोष्ट मंडळी विसरतात. पूर्वी माल्ट व्हिस्की बहुतेक करून मिश्रणात खपायची. १९६३ साली ग्रँटच्या वारसांनी आपली सिंगल माल्ट स्कॉटलंडबाहेर पद्धतशीर विकायला काढली आणि नुसत्या माल्टला जगात गिऱ्हाईक आहे हे दाखवून दिलं. म्हणजे जाणकारांच्या कपाटातल्या त्या महागड्या बाटल्या ज्या वाटेने आल्या, ती वाट हिने तुडवलेली आहे. वरच्या मजल्यावर पोचल्यावर जिन्याला नावं ठेवू नयेत.

राहिला प्रश्न 'परवडण्याचा'. हा शब्द तिकडचा आहे. महाराष्ट्राने २०२१ साली आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं, तेव्हा लोकांनी त्याला सवलत म्हटलं! एवढे पैसे मोजल्यावर माणूस चव घ्यायला घाबरतो. किंमत आठवते, जाणकार आठवतात, आणि स्वतःची जीभ काय म्हणते ते ऐकायचंच राहून जातं. मला वाटतं, या बाटलीचा खरा उपयोग तिथे आहे. ती सोपी आहे. तिच्यात नासपती सापडली तर सापडली. नाही सापडली आणि आपल्याला नुसता गूळपाण्याचा भास झाला, तर तसं खुशाल सांगावं. बेटावरच्या धुरासमोर हे धाडस होत नाही.

तेव्हा निकाल: उत्तीर्ण. विशेष प्रावीण्य नाही, पण ग्रेसचे गुणही द्यावे लागले नाहीत. ताळेबंद जुळला आहे. हिशेबनिसाच्या व्हिस्कीकडून आणखी काय मागायचं?